कानामागची वीज

माणसाच्या शरीरातला एक अवयव आईच्या पोटातच पुरता वाढून होतो. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याचे हातपाय, हृदय, मेंदू सगळं अजून वाढायचं असतं. पण आतल्या कानातली शंखासारखी वळलेली नळी, कॉक्लिआ, तेव्हाच मोठ्या माणसाच्या मापाची असते. तिला अडीच वेढे असतात आणि उलगडली तर ती साधारण साडेतीन सेंटिमीटर भरते. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत माणूस जे जे ऐकतो ते सगळं एवढ्याशा जागेतून जातं. पहाटेच्या पाववाल्याचा भोंगा, कुकरची शिट्टी, बायकोचं कुजबुजणं, बोरिवलीला शिरणाऱ्या फास्ट लोकलचा धडधडाट, सगळं इथूनच.

या नळीत आवाजांच्या जागा ठरलेल्या आहेत. तारस्वर तोंडाशीच अडतात, खर्ज सर्वांत आतल्या वेढ्यापर्यंत जातो. जॉर्ज फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने मृत माणसांच्या कॉक्लिआतला पडदा सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यावर धावणारी लाट पाहिली आणि १९६१ चं नोबेल त्याला मिळालं. लाट जिथे सर्वांत उंच उठते तिथल्या केसपेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात, त्या पेशींमध्ये विजेचा क्षीण बदल होतो आणि श्रवणाच्या मज्जातंतूला निरोप मिळतो. निरोप देण्याचं मुख्य काम करणाऱ्या आतल्या रांगेतल्या केसपेशी एका कानात सुमारे साडेतीन हजार असतात. पुढे निरोप नेणारे तंतू तीस हजारांच्या घरात.

साडेतीन हजार ही संख्या पुन्हा एकदा वाचावी अशी आहे, कारण ती भरून येत नाही. पक्ष्यांच्या कानातल्या केसपेशी मेल्या तर नव्या उगवतात. आपल्या खिडकीच्या ग्रिलवर घुमणाऱ्या कबुतराला ही सोय आहे, ग्रिलच्या आत राहणाऱ्या माणसाला नाही.

मुंबईत या पेशी ज्या कारणांनी मेल्या त्यांतलं एक या शहराच्या फार जवळचं आहे. क्षयाचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाले की अनेक वर्षं कानामायसिनसारखी इंजेक्शनं दिली जात. ही औषधं जंतूंना मारतात, पण रक्तातून आतल्या कानात पोचतात आणि आवाज आत येण्याच्या सूक्ष्म दारांतूनच केसपेशींमध्ये शिरतात. आधी तारस्वरांच्या पेशी जातात, मग खालच्या. रुग्णाला प्रथम दारावरची बेल ऐकू येईनाशी होते, नंतर माणसं. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन यांना क्षयाच्या दुसऱ्या फेरीत, २०१३ साली, ऐन विशीत या इंजेक्शनांनी बहिरेपण आलं. त्या पत्रकार आहेत, भरतनाट्यम् शिकलेल्या आहेत आणि ऐकू येईनासं झाल्यावरही त्या पुन्हा मंचावर नाचल्या. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत त्यांनी क्षयावरच्या बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवून मिळू नये म्हणून २०१९ मध्ये हरकत नोंदवली. २०२३ च्या मार्चमध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. टिसिले यांचीही श्रवणशक्ती क्षयाच्या औषधानेच गेली होती. त्यांनी पुढे दोन्ही कानांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं श्रवणाचं यंत्र, करून घेतलं. कानामायसिन आता जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतून गेलं आहे. त्याने गेलेली श्रवणशक्ती मात्र त्या त्या माणसांच्या आयुष्यात गेलेलीच आहे.

अशा माणसांना इम्प्लांट उपयोगी का पडू शकतं, यामागचं कारण मला फार विलक्षण वाटतं. केसपेशी मेल्या तरी त्यांच्यामागचे तंतू लगेच मरत नाहीत. निरोप आणणारं कोणी उरलेलं नसताना ते वर्षानुवर्षं जागेवर राहतात. मग त्या तंतूंना थेट वीज दिली तर?

हा प्रश्न जुना आहे. अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० च्या सुमारास स्वतःच बनवलेल्या बॅटरीच्या तारा स्वतःच्या दोन्ही कानांत घातल्या. डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी दाट रटरटत असल्यासारखा आवाज ऐकू आला. पुन्हा हा प्रयोग करायला तो धजला नाही. १९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिये यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूवर तार बसवली. त्याला लय कळली, बोलणं मात्र समजलं नाही. खरी अडचण पुढे होती. एकाच तारेने एकाच जागी वीज देऊन भागत नव्हतं. तारस्वरांच्या जागी वेगळी आणि खर्जाच्या जागी वेगळी द्यायची, तर अनेक तारांचा एक नाजूक धागा त्या वळणदार नळीत, आतलं काही न फाडता, सरकवायचा कसा? मेलबर्नचे ग्रेम क्लार्क १९७७ मध्ये समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताची पाती घालून पाहिली. टोकाला लवचिक आणि बुडाशी ताठ असलेली पाती वळणं घेत आत गेली. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९७८ ला, त्यांनी रॉड साँडर्स यांना अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. साँडर्स यांना अपघातात बहिरेपण आलं होतं. चाचणीच्या वेळी यंत्रातून ब्रिटिश राष्ट्रगीताची धून सोडली, तेव्हा ते खुर्चीतून उठून सावधान उभे राहिले. त्याच सुमारास व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर हे दांपत्य याच वाटेवर होतं. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि अमेरिकेचे ब्लेक विल्सन यांना २०१३ मध्ये लास्कर पुरस्कार एकत्र मिळाला. मुंबईत हे तंत्र रुजवण्यात डॉ. मिलिंद कीर्तने यांचा मोठा वाटा आहे. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

आज शस्त्रक्रियेत कानामागच्या हाडात वाट कोरून तो धागा कॉक्लिआत सरकवतात आणि एक चपटं यंत्र कातडीखाली बसवतात. त्या यंत्राला बॅटरी नसते. बाहेर कानावर अडकवलेला प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे तारस्वरापासून खर्जापर्यंत पट्टे पाडतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेल्या चकतीतून, अखंड कातडीच्या पार, रेडिओलहरींनी वीजही पाठवतो आणि निरोपही. आतलं यंत्र त्या विजेवरच जागं होतं. चकती काढली की त्याच क्षणी पूर्ण शांतता.

कंपनीनुसार या धाग्यावर १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. साडेतीन हजार पेशींचं काम बावीस ठिपके करणार! त्यातही कॉक्लिआ खारट द्रवाने भरलेली असते आणि खारट द्रवात वीज पसरते, त्यामुळे शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. वापरणाऱ्याला प्रत्यक्षात सात-आठ वेगळ्या पट्ट्यांएवढाच फायदा होतो, असं २००१ च्या एका अभ्यासात दिसलं. हार्मोनियमवर बोटांऐवजी तळहात टाकून चीज वाजवावी, तसं हे आहे.

मग शब्द कळतात कसे? १९९५ साली रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांवर एक प्रयोग केला. बोलण्यातले सगळे सूर काढून टाकले. त्या जागी खरखर ठेवली, तिचे फक्त तीन-चार पट्टे केले आणि प्रत्येक पट्टा मूळ बोलण्याच्या चढउतारानुसार लहानमोठा होत राहील अशी व्यवस्था केली. थोड्या सरावानंतर शांत खोलीत लोकांना वाक्यं समजू लागली. चार पट्टे खरखर आणि त्यातून भाषा! हे वाचल्यापासून कानापेक्षा मेंदूबद्दलचं माझं आश्चर्य वाढलं आहे. कान कच्चा माल आणून देतो. ऐकण्याचं काम मेंदू करतो आणि फार थोड्यावर करतो.

हे मराठीला लावून पाहिलं की इम्प्लांट काय देतं आणि काय देत नाही ते लख्ख दिसतं. आरशासमोर उभं राहून पार, बार, भार, मार हे शब्द आवाज न काढता म्हणून पाहा. चारही वेळा ओठ तसेच मिटतात आणि तसेच उघडतात. ओठ वाचणाऱ्याला यांतला फरक दिसू शकत नाही, कारण तो ओठांवर नसतोच. तो कंठात आहे, श्वासात आहे, नाकात आहे. पण कंठातला घोष, श्वासाचा झोत, नाकातून येणारी गुंज या गोष्टी आवाजाच्या वेळेत आणि चढउतारात उमटतात आणि इम्प्लांट नेमकं तेच चांगलं पोचवतं. उलट त आणि प यांतला फरक बावीस ठिपक्यांना जड जातो, पण ओठांवर तो स्पष्ट दिसतो. डोळे आणि यंत्र एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून नुसतं इम्प्लांट किंवा नुसतं ओठवाचन यांपेक्षा दोन्ही मिळून समजणं कितीतरी जास्त असतं.

काही गोष्टी मात्र दोन्हीकडून निसटतात. काल आणि काळ. मन आणि मण. जीभ तोंडात मागे वळली की नाही, ते बाहेरून दिसत नाही आणि फरक बारीक असल्याने विजेच्या पट्ट्यांतही नीट पडत नाही. तिथे आसपासच्या वाक्यावरून अंदाज बांधावा लागतो. “जेवलास.” आणि “जेवलास?” हेही असंच. आपण ‘का’ न जोडता नुसत्या सुराने प्रश्न विचारतो आणि सूर ही इम्प्लांटची सर्वांत कच्ची बाजू. घरच्या माणसांनी “जेवलास का?” असं पूर्ण विचारायची सवय लावून घेतली तरी मोठा फरक पडू शकतो.

संगीताचंही तेच. तबल्याचा ठेका, झांजा, आरतीच्या टाळ्या कळतात. राग ओळखणं फार कठीण. ज्याने आयुष्यभर किशोरीताई आमोणकर ऐकल्या आणि मग ज्याचे कान गेले, त्याला ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधी कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवी. साँडर्स उभे राहिले ते राष्ट्रगीताच्या लयीमुळे.

शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवडे जखम भरू देतात, मग यंत्र सुरू करतात. सगळे याला ‘स्विच ऑन’ म्हणतात. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत त्या क्षणी माणसं रडतात. तो आनंद खरा आहे, पण त्या दिवशी बहुतेकांना ऐकू येतं ते बोलणं नसतं. टिकटिक, शिट्ट्या, किणकिण. माणसांचे आवाज बारीक, चिरके, यंत्रातून आल्यासारखे. याचं एक कारण कॉक्लिआच्या नकाशात आहे. धागा तोंडाकडून आत जातो आणि बहुतेक वेळा सर्वांत आतल्या, खर्जाच्या वेढ्याच्या टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे वडिलांचा जाड आवाजही तारस्वरांच्या जागांवर उमटतो.

त्यानंतर जे होतं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत अद्भुत वाटतं. धागा होता तिथेच राहतो, ठिपके तेवढेच राहतात, पण आठवड्यांमागून आठवडे तो चिरका आवाज खाली उतरत जातो आणि एक दिवस वडिलांचा आवाज वडिलांसारखा वाटू लागतो. मेंदूने आपला नकाशा सरकवलेला असतो. ऑडिओलॉजिस्ट दर काही दिवसांनी प्रत्येक इलेक्ट्रोडची वीज कमीजास्त करून ‘मॅपिंग’ करतात. बाहेरच्या जगात ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक आवाजापासून विमानापर्यंत आवाजाची झेप सुमारे १२० डेसिबलची, तर विजेने दिलेल्या आवाजात ‘जेमतेम कळतंय’ आणि ‘सहन होत नाही’ यांतलं अंतर जेमतेम १०-२० डेसिबलचं. एवढ्याशा पट्टीत सगळं जग बसवायचं, म्हणून ही जुळवाजुळव पुन्हा पुन्हा करावी लागते. घरी रोज सराव करायचा. कोणीतरी तोंडासमोर कागद धरून शब्द म्हणायचे आणि ऐकणाऱ्याने ओळखायचे. सहा महिने, वर्षभर हे चालतं. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटपते. खरं काम हे आहे आणि त्यासाठी घरात समोर बसणारं माणूस लागतं.

पण मेंदू नकाशा सरकवू शकतो तो आधी नकाशा असेल तर. चित्रकार सतीश गुजराल लहानपणी, आठ-दहा वर्षांचे असताना, आजारपणात बहिरे झाले. त्याच अवस्थेत ते मुंबईला येऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९९८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ऑस्ट्रेलियात झालेल्या शस्त्रक्रियेने त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागलं. मध्ये सहा दशकं गेली होती, तरी बालपणी ऐकलेली भाषा आत कुठेतरी शिल्लक होती. वयाने माणूस इम्प्लांटसाठी बाद होत नाही, ऐंशीतही ते करतात. बहिरेपण किती वर्षांचं आहे, याला महत्त्व आहे. त्याहून मोठा प्रश्न असा की, त्याआधी कानांनी भाषा आली होती की नाही.

इथे इम्प्लांट करावं की नाही, या निर्णयाची दिशाच बदलते. जन्मापासून ज्याला ऐकू आलं नाही आणि जो खुणांच्या भाषेत वाढला, त्याच्या मेंदूत श्रवणाची जागा पडीक राहिलेली नसते. नजरेने आणि स्पर्शाने ती कामाला घेतलेली असते. त्याची भाषा तर पूर्णच असते. उर्सुला बेलुगी, हॉवर्ड पॉयझनर आणि एडवर्ड क्लिमा यांनी १९८० च्या दशकात पक्षाघात झालेल्या कर्णबधिर माणसांचा अभ्यास केला. डाव्या मेंदूला इजा झाली की त्यांच्या खुणांची भाषा मोडते, अगदी ऐकणाऱ्याचं बोलणं मोडतं तशी. हात हलतात, पण व्याकरण जातं. आवाज आणि हात हे मेंदूला भाषेचे दोन रस्ते आहेत. भाषेच्या घराला त्यातला कुठलाही चालतो.

अशा माणसाने तिशीत इम्प्लांट केलं तर त्याला आवाज कळतात. बेल, हॉर्न, बाळाचं रडणं, आपलं नाव घेऊन मारलेली हाक. ओठवाचनाला आधार मिळतो. पण नुसतं ऐकून बोलणं समजण्याची अपेक्षा बहुतेकांच्या बाबतीत पूर्ण होत नाही. काहींना हा एवढा फायदाही मोलाचा वाटतो. काहींना दिवसभराचा गोंगाट असह्य होतो आणि यंत्र कपाटात जातं. दोन्ही प्रकारची माणसं खरी आहेत आणि कोणाचंही म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही.

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याने तर हा प्रश्न लोकलमध्ये बसून सोडवावा. शांत खोलीत इम्प्लांट उत्तम चालतं, गोंगाटात ते सर्वांत कमी पडतं. अंधेरीच्या पुलावर, घाटकोपरला मेट्रोतून लोकलकडे धावणाऱ्या गर्दीत, मुलुंडच्या फलाटावर एकावर एक चढणाऱ्या घोषणांत ते सात-आठ पट्टे एकमेकांत मिसळून जातात. त्याच गाडीच्या दिव्यांगांच्या डब्यात मात्र दुसरं काही चाललेलं असतं. बेल्जियमच्या मानवशास्त्रज्ञ ॲनेलिस कुस्टर्स स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांनी मुंबईच्या या डब्यांचा अभ्यास करून २००९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कर्णबधिर मुंबईकर कामावर जाता-येता या डब्यात भेटतात, कोणती गाडी ते मोबाइलच्या मेसेजवर ठरवतात, बातम्या देतात-घेतात, नोकरीचं, लग्नाचं, शाळेचं बोलतात, असं त्यांनी लिहिलं. पुढे २०१५ मध्ये ‘इशारे’ हा माहितीपट त्यांनी केला. त्यात इथली कर्णबधिर माणसं भाजीवाल्याशी, दुकानदाराशी, वेटरशी खाणाखुणांनी कसा व्यवहार करतात ते दिसतं. ऐकणारी माणसं धडधडाटात एकमेकांच्या कानाशी ओरडत असतात. खुणांनी बोलणारे डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, काचेपलीकडे, समोरच्या फलाटावरसुद्धा निवांत बोलतात. गोंगाट जितका जास्त तितकं यंत्र लुळं पडतं आणि हाताच्या भाषेला गोंगाटाचा पत्ताच नसतो. ज्या माणसाचे मित्र, जोडीदार, रोजचा डबा हे सगळं या भाषेत आहे, त्याला ‘ऐकू आलं तर तुझं आयुष्य सुधारेल’ असं सांगताना ऐकणाऱ्यांनी थोडं थांबायला हवं. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये लहान मुलांच्या इम्प्लांटचा निषेध केला होता. २००० मध्ये तिने भूमिका बदलली आणि अनेक मार्गांपैकी हाही एक आहे, निवड माणसाची, असं म्हटलं. मला ही दुसरी भूमिका पटते, एका अटीवर. प्रौढाच्या बाबतीत निवड त्या माणसाचीच असावी, त्याच्या घरच्यांची नव्हे.

आपल्या घरांत हे अवघड आहे. आई म्हणते, “आम्ही आहोत तोवर करून टाक रे, नंतर कोण बघणार?” त्या वाक्यात प्रेम आहे आणि भीतीही. डॉक्टरांशी बोलणं बहुतेकदा आईच करते, कारण तिला ऐकू येतं. ज्याच्या डोक्याला छेद द्यायचा तो शेजारी बसून चेहरे वाचत असतो. अशा भेटीला खुणांच्या भाषेचा दुभाषी न्यावा, निदान सगळं कागदावर लिहून घ्यावं. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. श्रवणाच्या तपासण्या तिथे होतात आणि २००१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचा विभागही तिथेच सुरू झाला. यंत्र आणि भाषा हे दोन्ही पर्याय एकाच आवारात आहेत, ही या उपनगराची श्रीमंती आहे.

पैशाचा भाग सरळ सांगायला हवा. केंद्राच्या ‘अडिप’ योजनेतून इम्प्लांट मिळतं आणि या कामाची सूत्रं वांद्र्याच्या याच संस्थेकडे आहेत, पण ती मदत मुलांसाठी आहे. जन्मतः कर्णबधिर मुलासाठी वयाची अट पाच वर्षांपर्यंतची, कारण मेंदूचं दार तेव्हा सताड उघडं असतं. २०१४ च्या सुधारित योजनेत एका इम्प्लांटला सहा लाखांची मर्यादा होती. त्यावरून खर्चाचा अंदाज येईल. प्रौढाला हा खर्च बहुधा स्वतःच उचलावा लागतो आणि तो एकदाचा नसतो. आतलं यंत्र दशकानुदशकं टिकावं अशी अपेक्षा असते. बाहेरचा प्रोसेसर, चकती, वायर, बॅटरी बदलत राहावं लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात, चार महिन्यांच्या दमटपणात, रात्री तो प्रोसेसर सुकवणाऱ्या डबीत ठेवणं ही रोजची शिस्त होते. शस्त्रक्रियेचा खर्च जमला आणि पाच वर्षांनी प्रोसेसरला पैसे नाहीत, ही अवस्था आधीच डोळ्यांसमोर आणलेली बरी.

शरीराचे हिशेब वेगळे. ज्या कानात इम्प्लांट करायचं त्यात श्रवणयंत्र लावून थोडंफार ऐकू येत असेल, तर शस्त्रक्रियेत ते जाऊ शकतं. म्हणून चांगल्या श्रवणयंत्राची प्रामाणिक चाचणी आधी घेतात. मेंदुज्वराने बहिरेपण आलं असेल तर कॉक्लिआत हाड भरू लागतं, तिथे उशीर परवडत नाही. इम्प्लांटमुळे मेंदुज्वराचा धोका थोडा वाढतो, म्हणून न्यूमोकोकसची लस आधी घ्यायची. डोक्यात लोहचुंबक असल्याने पुढे कधी एमआरआय लागला तर यंत्राचं मॉडेल सांगावं लागतं. नव्या यंत्रांत बरीच सोय आहे, जुन्यांत चुंबक काढावं लागू शकतं. मेट्रोच्या तपासणीत दाखवायला कंपनीचं कार्ड खिशात ठेवायचं. आणि एक गोष्ट ऐकून मी थक्क झालो. जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी एक बारीक नस चक्क मधल्या कानातून जाते. शस्त्रक्रियेची वाट तिच्या अगदी जवळून असते. त्यामुळे काहींना नंतर काही महिने तोंडात धातूसारखी चव येते. कानासाठी केलेल्या छेदाने आमटी वेगळी लागावी, इतकं आपलं शरीर एकमेकांत गुंतलेलं आहे.

निर्णय घेणाऱ्याने दोन माणसांना भेटावं. एक, जो सात-आठ वर्षं इम्प्लांट रोज वापरतो आहे. दुसरा, ज्याने करून घेतलं आणि आता लावत नाही. दोघांनाही आपल्यासारखंच बहिरेपण असावं. तापाने पंचविशीत कान गेलेल्याचा अनुभव जन्मापासून खुणांत वाढलेल्याच्या कामाचा नाही आणि उलटही नाही. त्यांना विचारावं की फोनवर बोलता का, पंगतीत काय होतं, संध्याकाळी घरी आल्यावर यंत्र काढता की ठेवता, पहिल्या वर्षी सरावाला समोर कोण बसायचं, शेवटचा प्रोसेसर केव्हा आणि कितीला घेतला. मग हेच प्रश्न स्वतःच्या घराला, स्वतःच्या ऑफिसला, रोजच्या गाडीला विचारावेत. उत्तर लिहायला हवा तेवढा वेळ घ्यावा. मेंदुज्वराची गोष्ट सोडली, तर प्रौढाच्या या निर्णयात एखाद-दुसऱ्या महिन्याने काही बिघडत नाही. जन्मापासून पुऱ्या मापाची असलेली ती नळी तेवढं थांबू शकते.